'आमच्याकडे ते होत नाही': अमेरिकेतली चर्चची हॉस्पिटलं, सरकारचा पैसा आणि पेशंटची मर्जी

माझ्या एका मैत्रिणीची मुलगी अमेरिकेत असते, मिडवेस्टातल्या एका बेताच्या गावात. दुसऱ्या बाळंतपणाला सिझेरियन होणार हे आधीच ठरलं होतं. तिसरं मूल नको, हेही नवरा-बायकोचं ठरलं होतं. तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पोट उघडणारच आहात तर नळ्याही बांधून टाका, त्यासाठी पुन्हा टेबलावर नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शहाणपणाचं तेच आहे. पण या हॉस्पिटलमध्ये ते होत नाही."

यंत्र नाही म्हणून? भूल द्यायला माणूस नाही म्हणून? छे. हॉस्पिटल कॅथलिक आहे म्हणून.

मैत्रीण तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन मुलीकडे पोचलेली होती. फोनवर तिला राग आणि हसू दोन्ही एकदम येत होतं. "आपल्याकडे दोन झाली की आशाताई दारात येऊन बसतात, ऑपरेशन करून घ्या म्हणून. आणि इथे आपण होऊन मागितलं तर धर्मात बसत नाही म्हणतात. कुणाच्या धर्मात? आमच्या घरी गणपती बसतो!"

कुणाच्या धर्मात, हा तिचा प्रश्न मला फार नेमका वाटला. अमेरिकेतले वकील आणि न्यायाधीश शंभराहून जास्त वर्षं त्याच प्रश्नाभोवती फिरताहेत.

आधी आकार लक्षात घेऊ. अमेरिकेत हॉस्पिटलात जाणाऱ्या दर सात पेशंटांपैकी साधारण एक जण कॅथलिक हॉस्पिटलात जातो. देशातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटल-साखळ्यांमध्ये कॉमनस्पिरिट, असेन्शन, ट्रिनिटी आणि प्रॉव्हिडन्स ही नावं येतात, आणि या चारही कॅथलिक परंपरेतल्या आहेत. नाव वाचून मात्र काही पत्ता लागत नाही. सेंट अमुक, सेंट तमुक अशी पाटी असली तर निदान अंदाज येतो. पण 'कॅथलिक हेल्थकेअर वेस्ट' नावाच्या साखळीने २०१२ साली आपलं नाव बदलून 'डिग्निटी हेल्थ' केलं आणि २०१९ साली ती दुसऱ्या एका कॅथलिक साखळीशी एकत्र होऊन कॉमनस्पिरिट झाली. एखादं साधं गावचं हॉस्पिटल अशा साखळीत सामील झालं तर पाटी तीच राहते, पार्किंग तेच राहतं, रिसेप्शनवरची बाईसुद्धा तीच राहते. बदलते ती आतली नियमांची वही.

ही हॉस्पिटलं आली कुठून, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. ती नन्सनी उभी केली, आणि जिथे दुसरं कुणी जायला तयार नव्हतं तिथे उभी केली. प्रॉव्हिडन्स साखळीचं मूळ १८५६ साली वायव्य किनाऱ्यावर आलेल्या मदर जोसेफ आणि त्यांच्या चार सोबतिणींपर्यंत जातं. या बाई घोड्यावर बसून खाणकामगारांच्या वस्त्यांमध्ये वर्गणी मागत फिरायच्या आणि त्या पैशातून हॉस्पिटल बांधायच्या. एड्सच्या पेशंटला हात लावायलाही लोक भीत होते त्या काळात, १९८४ साली, न्यूयॉर्कच्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये एड्सचा वेगळा वॉर्ड सुरू झाला. चर्चच्या शिकवणीत समलैंगिक संबंधांना जागा नाही, तरी वॉर्डात त्या मुलांना जागा होती. म्हणून 'धर्मवाल्यांनी दवाखाने चालवूच नयेत' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. गुंता दुसरीकडे आहे.

वही

अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आरोग्यसेवेसाठी नैतिक आणि धार्मिक निर्देशांचा एक संच केलेला आहे. १९७१ पासून तो बिशपांच्या अधिकाराने चालतो. २०१८ साली निघालेल्या सहाव्या आवृत्तीत ७७ कलमं होती. त्यातली बरीचशी वाचून कुणीही मान डोलवेल: गरिबाला परत पाठवू नका, मरणाऱ्याला एकटं सोडू नका, पेशंटची संमती घ्या. मग काही मोजकी कलमं येतात. गर्भपात नाही. गर्भनिरोधक साधनं नाहीत. स्त्रीची असो वा पुरुषाची, नसबंदी नाही. टेस्ट ट्यूब बेबी नाही. डॉक्टरच्या मदतीने मरण पत्करण्याचा कायदा ओरेगनसारख्या ज्या राज्यांत आहे, तिथेही या हॉस्पिटलांत ते नाही. कायम बेशुद्धावस्थेत गेलेल्या माणसाला नळीतून अन्नपाणी देत राहणं हे तत्त्वतः कर्तव्य मानलेलं आहे. तुम्ही धडधाकट असताना लिहून ठेवलं असेल की मला असं नळीवर ठेवू नका, तरी ते लिहिणं चर्चच्या शिकवणीशी जुळत नसेल तर हॉस्पिटल ते पाळायला बांधलेलं नाही.

हे निर्देश फक्त ननपुरते नाहीत. तिथे काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ते मान्य करूनच हॉस्पिटलचे दरवाजे उघडतात, मग तो ज्यू असो, नास्तिक असो, की पुण्याच्या बी. जे. मधून शिकून गेलेला असो. त्यांचा अर्थ कसा लावायचा यात स्थानिक बिशपाचा शब्द वजनदार असतो, त्यामुळे एका धर्मप्रांतात चालणारी गोष्ट शेजारच्या धर्मप्रांतात चालत नाही असंही होतं. अनेक ठिकाणी कानाडोळा होतो. डॉक्टर कागदावर दुसरंच काही कारण लिहितात आणि काम उरकतात.

नियमांच्या मागचं तर्कशास्त्र मात्र कच्चं नाही. त्याचं मूळ तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत नेतात. एका कृतीचे दोन परिणाम होत असतील, एक चांगला आणि एक वाईट, तर हेतू चांगल्याचा हवा आणि वाईट परिणाम हा चांगल्याकडे जायचा रस्ता असता कामा नये. गरोदर बाईच्या पिशवीला कॅन्सर झाला आणि थांबणं शक्य नसेल तर पिशवी काढता येते. गर्भ जातो, पण हेतू कॅन्सर काढण्याचा होता. हेच गर्भनळीत गर्भ राहिला तर बघा. आख्खी नळी कापून काढायला बहुतेक कॅथलिक नीतितज्ज्ञांची हरकत नसते, कारण काढली ती बिघडलेली नळी. पण गर्भाची वाढ थांबवणारं औषध देऊन नळी वाचवायची म्हटलं की त्यांच्यात वाद सुरू होतो, कारण औषध थेट गर्भावर चालतं. म्हणजे बाईच्या शरीराची जास्त मोडतोड करणारा मार्ग नीतीच्या दृष्टीने सोपा, आणि कमी मोडतोडीचा मार्ग अवघड. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे पटूही शकतं. टेबलावर झोपलेल्या बाईला ते कसं समजावायचं, मला ठाऊक नाही.

भिंत

आता सरकार. अमेरिकी घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. त्यात धर्माबद्दल दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करायचा नाही, आणि कुणाच्या धर्माचरणात आडवं यायचं नाही. चर्च आणि राज्य यांच्यातली 'भिंत' घटनेत नाही. तो शब्द थॉमस जेफरसनने १ जानेवारी १८०२ रोजी कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रातला. ते बॅप्टिस्ट त्यांच्या राज्यात अल्पसंख्य होते आणि सरकारी चर्चच्या दाबाखाली होते. म्हणजे भिंत मागितली होती ती धर्माला सरकारपासून वाचवायला, आणि एका पंथाला दुसऱ्या पंथापासून वाचवायला. पेशंट त्या पत्रात कुठेच नव्हता.

हॉस्पिटल त्या भिंतीपाशी आलं ते पैशामुळे. वॉशिंग्टन शहरात प्रॉव्हिडन्स हॉस्पिटल नावाचं नन्सनी चालवलेलं हॉस्पिटल होतं. काँग्रेसने संसर्गजन्य रोगांच्या पेशंटांसाठी दोन हॉस्पिटलांच्या आवारात वेगळ्या इमारती बांधायला ३०,००० डॉलर मंजूर केले, आणि त्यातली एक इमारत प्रॉव्हिडन्सच्या आवारात व्हायची होती. ब्रॅडफील्ड नावाचा एक करदाता कोर्टात गेला: माझा पैसा चर्चला का? सर्वोच्च न्यायालयाने १८९९ साली त्याचं म्हणणं फेटाळलं. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की हॉस्पिटल ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, आजाऱ्यांची सेवा हे तिचं काम, आणि तिच्या सनदेत धर्माचा उल्लेख नाही. चालवणाऱ्या बायका कुठल्या धर्माच्या आहेत याने संस्था धार्मिक होत नाही. कायद्याच्या नजरेत हॉस्पिटल धर्मनिरपेक्ष, म्हणून पैसा देण्यात काही वावगं नाही.

हे वाक्य जपून ठेवा, पुढे लागेल.

त्या निकालानंतर दार उघडलंच. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटलं बांधायला केंद्राचा पैसा मिळू लागला आणि धार्मिक हॉस्पिटलांनाही तो मिळाला. १९६५ साली म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. तेव्हापासून अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या गल्ल्यात सरकारी पैशाचा वाटा मोठा असतो. शिवाय धर्मादाय म्हणून करमाफी. नन्सची वर्गणीची झोळी केव्हाच खुंटीला लागली. आज या साखळ्या अब्जावधी डॉलरचा कारभार करतात आणि नन तुम्हाला दिसलीच तर भिंतीवरच्या फोटोत दिसते.

बिलिंग्ज, माँटाना

१९७२ साली माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात अगदी माझ्या मैत्रिणीच्या मुलीसारखाच प्रसंग आला. एका बाईचं सिझेरियन व्हायचं होतं, त्याच वेळी तिला नसबंदी हवी होती. हॉस्पिटल सेंट व्हिन्सेंट्स, कॅथलिक, नाही म्हणालं. बिलिंग्जमध्ये बाळंतपणाची सोय असलेलं ते एकच हॉस्पिटल होतं. नवरा-बायको केंद्रीय न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी म्हटलं, तुम्ही हिल-बर्टनचा पैसा घेतलाय, करसवलत घेतलीय, तेव्हा तुम्हाला निव्वळ खासगी म्हणता येत नाही. त्यांनी हॉस्पिटलला ऑपरेशन होऊ द्या असा अंतरिम आदेश दिला.

इथे एक बारकावा आहे. घटनेतले हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे. माझ्या दुकानदाराने मला बोलू दिलं नाही तर माझं भाषणस्वातंत्र्य गेलं असं कोर्ट म्हणत नाही. म्हणून अशा प्रत्येक खटल्यात पेशंटला आधी सिद्ध करावं लागतं की हे हॉस्पिटल सरकारचा हात आहे. बिलिंग्जच्या जोडप्याने ते काही महिन्यांपुरतं सिद्ध केलं.

मग वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली. जानेवारी १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य करणारा 'रो' निकाल दिला होता, तेव्हा कॅथलिक हॉस्पिटलांना भीती पडली होती की उद्या गर्भपाताचीही सक्ती होईल. आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांनी एक दुरुस्ती आणली आणि त्याच वर्षी ती कायदा झाली. तिला 'चर्च अमेंडमेंट' म्हणतात, आणि हो, ते नाव सिनेटरसाहेबांच्या आडनावावरून आहे. योगायोगाला विनोदबुद्धी असते. या कायद्याने सांगितलं की केंद्राचा पैसा घेतला एवढ्या कारणावरून कुठल्याही कोर्टाला किंवा अधिकाऱ्याला कुणा व्यक्तीवर तिच्या धर्मश्रद्धेविरुद्ध वा नीतिमूल्यांविरुद्ध नसबंदी किंवा गर्भपात करण्याची सक्ती करता येणार नाही. आणि त्याच श्वासात: कुठल्या *संस्थेवर* तिची जागा त्यासाठी वापरू देण्याची सक्तीही करता येणार नाही. बिलिंग्जचा आदेश त्याच वर्षी मागे घेतला गेला. वरच्या कोर्टातही तो परत उभा राहिला नाही.

आता १८९९ चं वाक्य काढा. पैसा घ्यायचा होता तेव्हा हॉस्पिटल ही धर्म नसलेली संस्था होती, चालवणाऱ्या बायकांचा धर्म तिला चिकटत नव्हता. १९७३ नंतर नकार द्यायचा आहे तेव्हा त्याच संस्थेला श्रद्धा आहे. पैसे घेताना सोवळं सोडलेलं, काम करताना पुन्हा नेसलेलं.

सगळ्या विषयाची गाठ मला इथे दिसते. डॉक्टरला सदसद्विवेकबुद्धी असते, हे मला कबूल आहे. जिला गर्भपात करणं पाप वाटतं त्या बाईच्या हातात जबरदस्तीने हत्यार देऊ नये. तिच्या जागी दुसरी डॉक्टर उभी करता येते. पण इमारतीला सदसद्विवेकबुद्धी असते का? अडीचशे खाटा, सीटी स्कॅन, कँटीन आणि पार्किंग यांची मिळून एक श्रद्धा असते का? आणि असते असं धरलं, तर आत काम करणाऱ्या ज्या डॉक्टरला मनापासून वाटतं की या बाईची नळी बांधणं माझं कर्तव्य आहे, तिच्या विवेकाचं काय? चर्च दुरुस्ती तिलाही थोडं संरक्षण देते, ते असं की तिने दुसऱ्या ठिकाणी जाऊन अशी ऑपरेशनं केली तर त्या कारणावरून तिला नोकरीत त्रास देऊ नये. पण कॅथलिक हॉस्पिटलच्या थिएटरात ती ते करू शकत नाही. इमारतीचा विवेक माणसाच्या विवेकावर मात करतो.

चर्चची बाजू अशी असते: संस्था म्हणजे नुसत्या विटा नव्हेत, एका श्रद्धेच्या लोकांनी ती एका उद्देशाने उभी केली, उद्देश काढून घेतलात तर आम्ही हॉस्पिटल बंद करू, मग गरिबांनी कुठे जायचं? धमकी म्हणून ऐका किंवा व्यथा म्हणून, तिच्यात तथ्य आहे. आणि मोठ्या शहरात पेशंटला चार पर्याय असतात हेही खरं. पण गावात नसतात. चार असले तरी विमा कंपनीच्या यादीत एकच असतं. आणि कळा सुरू झाल्यावर कुणी हॉस्पिटल निवडत बसत नाही.

तातडीची वेळ

नसबंदी राहिली तर गैरसोय होते, दुसरं ऑपरेशन होतं. गर्भारपण बिघडलं तर जीव जातो.

फीनिक्स शहरातलं सेंट जोसेफ्स हॉस्पिटल. नोव्हेंबर २००९. २७ वर्षांची बाई, चार मुलांची आई, अकरा आठवड्यांची गरोदर, फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब भयंकर वाढलेला. गर्भ ठेवला तर ती वाचण्याची आशा नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं. हॉस्पिटलच्या नीती समितीत एक नन होत्या, सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड. त्यांनी संमती दिली, गर्भपात झाला, बाई वाचली. बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी जाहीर केलं की सिस्टर मॅकब्राइड आपल्या कृतीने आपोआप धर्मबहिष्कृत झाल्या आहेत. पुन्हा असं होणार नाही याची हमी त्यांनी हॉस्पिटलकडे मागितली. ती न मिळाल्यावर डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी हॉस्पिटलचा कॅथलिक दर्जाच काढून घेतला. तिथल्या प्रार्थनाघरात मिस्सा करायला बंदी झाली. हॉस्पिटल मात्र त्याच संताच्या नावाने चालत राहिलं.

या गोष्टीत मला सगळ्यात मोठी माणसं दिसतात ती त्या समितीतली. वही त्यांनाही पाठ होती.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला युरेका गाव आहे. तिथे प्रॉव्हिडन्स साखळीचं सेंट जोसेफ हॉस्पिटल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोटात जुळी असलेली एक बाई पंधराव्या आठवड्यात पाणी गेलं म्हणून तिथे आली. जुळी जगणार नाहीत हे स्पष्ट होतं. पण ठोके लागत होते, म्हणून हॉस्पिटल हस्तक्षेप करेना. राज्य सरकारने नंतर कोर्टात मांडलेल्या तक्रारीनुसार तिला बारा मैलांवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलकडे पाठवलं गेलं आणि वाटेत काही झालं तर असावं म्हणून हातात एक बादली आणि टॉवेल दिले. तिथे पोचेपर्यंत तिला रक्तस्राव सुरू झाला होता. हे गर्भपातबंदी असलेल्या टेक्ससमध्ये नव्हे, जिथे जनतेने मतदान करून गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला त्या कॅलिफोर्नियात घडलं. सप्टेंबरमध्ये राज्याने खटला भरला, ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलने तातडीच्या उपचारांचा राज्याचा कायदा पाळायचं कोर्टात मान्य केलं. आणि जिथे तिला पाठवलं होतं, त्या छोट्या हॉस्पिटलचा बाळंतपणाचा विभाग त्याच सुमारास बंद झाला. पैशाअभावी.

१९८६ पासून केंद्राचाही कायदा आहे: तातडीच्या विभागात आलेल्या माणसाची प्रकृती स्थिर केल्याशिवाय त्याला बाहेर काढायचं नाही. पण 'तातडी' कधी सुरू होते? पाणी गेलं तेव्हा, ताप चढला तेव्हा, की शुद्ध हरपली तेव्हा? वही आणि कायदा यांच्यातली जागा ती एवढीच आहे, आणि बाई त्या जागेत पडून असते.

इथे आपल्यापैकी बऱ्याच जणांना सविता हलप्पनवार आठवल्या असतील. बेळगावात वाढलेल्या, दंतवैद्य, वय ३१. सतरा आठवड्यांचा गर्भ टिकणार नाही हे कळल्यावर त्यांनी गर्भपात मागितला, मिळाला नाही, आणि २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे इथे रक्तात जंतुसंसर्ग पसरून त्या गेल्या. 'हा कॅथलिक देश आहे' असं तिथल्या एका दाईने त्यांना म्हटल्याचं चौकशीत पुढे आलं. पण गॉलवेचं ते हॉस्पिटल चर्चचं नव्हतं, सरकारचं होतं. तिथे चर्चची शिकवण १९८३ च्या घटनादुरुस्तीने देशाचा कायदा झाली होती. म्हणून आयरिश लोकांना उपायही सापडला: २५ मे २०१८ रोजी त्यांनी मतपेटीतून ती दुरुस्ती काढून टाकली, ६६ टक्क्यांच्या वर मतांनी. युरेकातल्या बाईला मत द्यायला काही उरलेलंच नव्हतं. कायदा तिच्या बाजूचाच होता. नियम हॉस्पिटलचा होता, आणि बिशपांच्या वहीवर मतदान होत नाही.

पाचवा मजला

या सगळ्यावर काढलेले तोडगे कधीकधी करुण आणि हास्यास्पद एकदम असतात. टेक्ससची राजधानी ऑस्टिन. तिथलं ब्रॅकनरिज हे शहराच्या मालकीचं, गोरगरिबांचं हॉस्पिटल. तोटा झेपेना म्हणून शहराने १९९५ साली ते सेटन नावाच्या कॅथलिक संस्थेला चालवायला दिलं. इमारत सरकारची, व्यवस्थापन चर्चचं. नसबंदीचं काय? शहराचे कर्मचारी ती करतील, सेटनचे लोक हात लावणार नाहीत, असं काहीतरी जमवलं. २००१ साली बिशपांनी नियम आणखी आवळले आणि ही पळवाट बंद झाली.

मग शहराने काय केलं? त्याच इमारतीचा पाचवा मजला बाजूला काढून तिथे वेगळं हॉस्पिटल केलं. वेगळा परवाना, वेगळे कर्मचारी, चालवायला राज्याचं विद्यापीठ. वर जायला वेगळी लिफ्टसुद्धा. चौथ्या मजल्यावर जे पाप होतं ते पाचव्यावर शासकीय सेवा होतं. जेफरसनची भिंत शेवटी एका इमारतीत आडवी बांधली गेली, स्लॅबच्या रूपात.

हसून झाल्यावर लक्षात येतं की बाईच्या दृष्टीने तोडगा वाईट नव्हता. तिला लिफ्टचं बटण तेवढं वेगळं दाबायचं होतं.

आपल्याकडे

मराठीत 'मिशन हॉस्पिटल' म्हटलं की मिरज डोळ्यांपुढे येतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं ते हॉस्पिटल प्रॉटेस्टंट मिशनचं. कॅथलिक बिशपांच्या वहीचा त्याच्याशी संबंध नाही. हा फरक सांगून टाकलेला बरा, कारण आपण सगळ्या ख्रिस्ती संस्थांना एकाच पोत्यात घालतो.

आणि भिंत आपल्याकडे नाहीच. शिर्डीचं साईबाबा संस्थान घ्या. भक्तांच्या दानपेटीतून मोठी हॉस्पिटलं चालतात, आणि संस्थानची व्यवस्थापन समिती २००४ च्या कायद्याने राज्य सरकार नेमतं. अमेरिकी वकिलाला हे सांगितलं तर त्याला आधी पाणी द्यावं लागेल. पण देवस्थानचं हॉस्पिटल म्हणून तिथे पेशंटला कुठली धर्माची वही दाखवत नाहीत.

आपल्या 'धर्मादाय' हॉस्पिटलांचा नियमही बघण्यासारखा आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे करसवलती घेणाऱ्या अशा हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन पेशंटांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. पाळला किती जातो ते वेगळं, त्यावर रोज भांडणं होतात. पण तत्त्व सरळ आहे: समाजाकडून घेतलंत, तर समाजाला हे एवढं द्या. अमेरिकेत १९७३ साली याच्या बरोबर उलटं लिहिलं गेलं: घेतलंत म्हणून द्यायलाच हवं असं नाही.

आपण फार साळसूद आहोत असंही नव्हे. १९७६ साली, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. तिकडे बिशप बाईला नळ्या बांधू देत नाही, इकडे सरकार बांधायला निघालं होतं. आशाताईंच्या दारात बसण्याला मैत्रीण हसली खरी, पण त्या हसण्याच्या मागे हाही इतिहास आहे.

तुमचं कुणी तिकडे बाळंत व्हायचं असेल तर नाव नोंदवताना सरळ विचारायला सांगा: हे हॉस्पिटल बिशपांचे निर्देश पाळतं का? सिझेरियनच्या वेळी नळ्या बांधता का? मध्येच काही बिघडलं तर इथेच करता की दुसरीकडे पाठवता? आईवडील तिकडे कायमचे राहायला गेले असतील तर शेवटच्या उपचारांबद्दल त्यांनी लिहून ठेवलेल्या इच्छा पाळल्या जातील का, हेही विचारा. वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत हॉस्पिटलांना या बाबतीतली धोरणं जाहीर करावी लागतात. बाकी ठिकाणी विचारणाऱ्यालाच उत्तर मिळतं.

मैत्रिणीच्या मुलीचं सिझेरियन त्याच हॉस्पिटलात झालं, उत्तम झालं. नर्सेस प्रेमळ होत्या, असं मैत्रीण आजही सांगते. नळ्या तशाच राहिल्या. चार महिन्यांनी जावयाने रजा काढली आणि स्वतःची नसबंदी करून घेतली. ती हॉस्पिटलात होणार नव्हतीच. हॉस्पिटलच्या आवारातल्या डॉक्टरांच्या इमारतीतही होणार नव्हती, कारण जागा हॉस्पिटलची आणि भाडेकरारात तीच वही. युरॉलॉजिस्टचा दवाखाना रस्ता ओलांडून समोर होता. सिग्नलला थांबायचा वेळ धरून अर्ध्या तासात काम झालं. मैत्रिणीने उरलेले डिंकाचे लाडू जावयाला खायला घातले.